मरिया आपले तारण करते काय?



आपल्याच परिसरातील एका घरातली ही गोष्ट आहे. घराण्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण थोड्याफार फरकाने ती आज अनेक घरांत घडते आहे. थोरल्या मुलाचे लग्न झाले. सून पुण्याची, प्रॉटेस्टंट कुटुंबातली. लहानपणापासून बायबल वाचणारी, प्रार्थनेची आवड असलेली गुणी मुलगी. सासरी संध्याकाळची रोझरी सुरू झाली की तीही सर्वांबरोबर गुडघे टेकायची. 'आमच्या बापा' ही प्रार्थना ती मोठ्याने म्हणायची, पण 'नमो मरिया' सुरू झाली की गप्प व्हायची. सासूबाईंनी चार दिवस पाहिले. पाचव्या दिवशी त्यांना राहवले नाही.

"बाय गो, आमच्या मरियामातेने तुझे काय वाईट केले?"

"आई, त्यांनी वाईट काहीच केले नाही. पण माझ्यासाठी क्रूसावर येशू मरण पावला, मरिया नाही. मग मी तिच्याकडे का मागू? येशू पुरेसा नाही का?"

सासूबाईंकडे उत्तर नव्हते. मुलाकडेही नव्हते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्या माउलीने आम्हा धर्मशिक्षण घेणाऱ्यांना गाठले आणि डोळ्यांत पाणी आणून विचारले, "आम्ही साठ वर्षे जपमाळ ओढली, ती चुकीची का?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या मुलांना तो कॉलेजात विचारला जातो, नोकरीच्या ठिकाणी विचारला जातो. काही जण उत्तर न सापडल्याने गप्प बसतात, काही जण चिडतात, तर काही जण आपली ख्रिस्तसभा सोडून दुसरीकडे जातात. म्हणून आज आपण हा विषय शांतपणे, कोणावर राग न धरता समजून घेऊ या.

पहिले उत्तर अगदी थोडक्यात

मरिया आपले तारण करते काय? कॅथलिक ख्रिस्तसभेचे उत्तर आहे : नाही. तारण फक्त प्रभू येशू ख्रिस्त करतो. हे वाचून काही जणांना धक्का बसेल, पण ही आजची नवी शिकवण नव्हे. संत पौल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगतो की देव एकच आहे आणि देव व मानव यांच्यामध्ये मध्यस्थही एकच आहे, तो म्हणजे ख्रिस्त येशू. त्याने सर्वांच्या मुक्तीसाठी स्वतःचे मोल दिले. हे वचन जितके प्रॉटेस्टंट बांधवांचे आहे तितकेच ते आपलेही आहे.

आणि मरिया स्वतः काय म्हणते? एलिझाबेथच्या घरी तिने गायिलेले स्तोत्र लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. त्यात ती देवाला आपला तारणारा म्हणते. म्हणजे तारणाऱ्याची गरज तिलाही होती. ती तारण देणाऱ्याच्या जागी उभी नाही. तारण मिळालेल्यांच्या रांगेत ती उभी आहे आणि त्या रांगेत पहिली आहे.

मग वाद नेमका कशाचा आहे? वाद 'तारण कोण करतो' याचा नाही. वाद 'तारण मिळालेल्या माणसाचे पुढे काय होते' याचा आहे. देवाची कृपा माणसाला नुसती वाचवते, की त्याला आपल्या कार्यात सहभागीही करून घेते? हा मुद्दा नीट ध्यानात ठेवला तर पुढचे सारे सोपे जाईल.

जे दोघांचेही आहे

आधी आपण आणि प्रॉटेस्टंट बांधव कुठे एकत्र उभे आहोत ते पाहू या.

इ. स. ४३१ साली एफेसस येथे ख्रिस्तसभेची विश्वपरिषद भरली. कॉन्स्टँटिनोपलचा महागुरू नेस्टोरियस म्हणत असे की मरियेला 'ख्रिस्ताची माता' म्हणावे, 'देवाची माता' म्हणू नये. अलेक्झांड्रियाचा महागुरू सिरिल याने त्याला विरोध केला. मरियेच्या उदरी जन्मलेला तो एकच जण खरा देव आणि खरा मनुष्य आहे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. परिषदेने 'देवमाता' ही पदवी मान्य केली. इथे लक्षात घ्यावे की ही पदवी मरियेला उंच करण्यासाठी दिलेली नव्हती. येशू कोण आहे हे सांभाळण्यासाठी ती दिली गेली. मरियेविषयीची खरी शिकवण नेहमी अशीच असते, तिचा रोख येशूकडे असतो.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने धर्मसुधारणेची चळवळ सुरू केली, तेव्हा त्याने ही पदवी टाकून दिली नाही. १५२१ साली त्याने मरियेच्या स्तोत्रावर एक संपूर्ण विवरण लिहिले. त्यात तो तिला देवाची माता म्हणतो, तिच्या नम्रतेची थोरवी गातो. देवाने एका गरीब, दुर्लक्षित मुलीकडे पाहिले, यातच त्याची कृपा दिसते, असे तो सांगतो. लूथर आणि झ्विंग्ली हे सुधारक मरिया सदैव कुमारी राहिली असेच मानत होते. तेव्हा "प्रॉटेस्टंट लोक मरियेला मानत नाहीत" हे आपल्याकडे सर्रास बोलले जाणारे वाक्य अर्धवट आहे. त्यांच्या उपासनेत नाताळच्या दिवसांत मरियेची गोष्ट वाचली जाते, तिच्या विश्वासावर प्रवचने होतात. आपण त्यांच्यावर तसा आरोप करू नये.

त्यांचे म्हणणे काय आहे?

मग ते 'नमो मरिया' का म्हणत नाहीत? त्यांची कारणे प्रामाणिकपणे ऐकू या.

पहिले कारण मध्यस्थाचे. १५३० सालच्या ऑग्सबर्ग येथील विश्वासनिवेदनाच्या २१ व्या कलमात लूथरच्या अनुयायांनी म्हटले की संतांची आठवण ठेवावी, त्यांचे उदाहरण गिरवावे, पण त्यांचा धावा करावा असे पवित्र शास्त्र शिकवत नाही, कारण मध्यस्थ एकटा ख्रिस्त आहे. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या ३९ कलमांनीही संतांचा धावा करण्याची प्रथा नाकारली.

दुसरे कारण बायबलचे. जे शास्त्रात लिहिलेले नाही ते श्रद्धेचा भाग म्हणून कोणावर लादू नये, असे ते मानतात. ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी मरियेचा निष्कलंक गर्भसंभव हा श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केला आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी तिचे स्वर्गोन्नयन जाहीर केले. ते विचारतात की या दोन गोष्टी बायबलमध्ये कुठे आहेत? आणि पौल रोमकरांस लिहितो की सर्वांनी पाप केले आहे, तर मरिया त्यातून वेगळी कशी?

तिसरे कारण भक्तीच्या अतिरेकाचे. त्यांनी पाहिले की काही ठिकाणी लोक येशूला कठोर न्यायाधीश समजून घाबरतात आणि मरियेला तेवढी दयाळू समजून तिच्या पदराआड लपतात. जणू मुलाचा राग आईने आवरायचा आहे. लूथरला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकत होती. ज्याने आपल्यासाठी प्राण दिला त्यालाच भिणे, हा त्याच्या दृष्टीने शुभवर्तमानाचा अपमान होता.

खरे सांगायचे तर या तिसऱ्या मुद्द्यावर आपण मान खाली घालावी. त्याविषयी पुढे बोलू.

आपली श्रद्धा काय सांगते?

आता आपली बाजू. ती तीन प्रसंगांतून समजून घेऊ या.

पहिला प्रसंग नाझरेथचा. देवाने गॅब्रिएल दूताला मरियेकडे पाठवले. देव सर्वसमर्थ आहे, त्याने कोणाला न विचारताही आपला पुत्र जगात पाठवला असता. पण त्याने एका मुलीला निरोप धाडला, तिचा प्रश्न ऐकून घेतला आणि तिच्या होकाराची वाट पाहिली. ती स्वतःला प्रभूची दासी म्हणाली आणि तिने होकार दिला. हा होकार देण्याचे बळही देवाच्या कृपेनेच तिला मिळाले होते, म्हणून तर दूत तिला कृपेने भरलेली म्हणतो. पण तो होकार तिचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. देवाची कृपा माणसाला लाकडाच्या बाहुलीसारखे हलवत नाही, ती त्याला मोकळ्या मनाने 'हो' म्हणण्याइतके मोठे करते. कॅथलिक श्रद्धा 'मरियेचे सहकार्य' असे जे म्हणते त्याचा अर्थ एवढाच आहे.

दुसरा प्रसंग काना गावच्या लग्नाचा, योहानच्या दुसऱ्या अध्यायातला. द्राक्षारस संपला. आपल्याकडे लग्नात जेवण कमी पडले तर यजमानाची काय अवस्था होते हे आपण जाणतो. मरियेने ती अडचण पाहिली आणि येशूला सांगितली. तिने स्वतः चमत्कार केला नाही. नोकरांना तिने एवढेच सांगितले की तो जे सांगेल ते करा. शुभवर्तमानात नोंदलेले तिचे हे शेवटचे बोल. मरियेची मध्यस्थी म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे. ती आपली गरज येशूकडे नेते आणि आपल्याला येशूकडे पाठवते. पाण्याचा द्राक्षारस तोच करतो.

तिसरा प्रसंग क्रूसाजवळचा. योहान सांगतो की येशूची आई तिथे उभी होती. येशूने आपल्या लाडक्या शिष्याला तिच्या ओटीत घातले आणि तिला त्या शिष्याच्या हाती सोपवले. ख्रिस्तसभा त्या शिष्याच्या जागी आपल्या सर्वांना पाहते. तारणाची किंमत क्रूसावरचा मोजत होता, खाली उभी असलेली नव्हे. पण ती पळून गेली नाही. विश्वासाने ती तिथे उभी राहिली आणि त्या दुःखातच तिला आपले आईपण मिळाले.

मेलेल्यांकडे प्रार्थना कशी मागायची?

सुनेने पुढे एक प्रश्न विचारला होता. "जिवंत माणसाला मी माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगते, ते ठीक. पण मेलेल्यांना कसे सांगायचे?"

प्रश्न योग्य आहे. प्रॉटेस्टंट बांधवही आजारी पडले की आपल्या मंडळीला प्रार्थनेची विनंती करतात. पौल स्वतः आपल्या पत्रांतून ती विनंती करतो. त्यामुळे ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थपण कमी होत नाही, हे त्यांनाही मान्य आहे. फरक मृत्यूच्या उंबरठ्यावर सुरू होतो. आपण मानतो की ख्रिस्तात मरण पावलेले खऱ्या अर्थाने जिवंत आहेत आणि मृत्यूने ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव एकमेकांपासून तुटत नाहीत. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण 'संतांचा समागम' म्हणतो तो हाच. प्रकटीकरणाच्या पुस्तकात स्वर्गातील वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थना सुगंधी धुपासारख्या देवापुढे धरतात असे दृश्य आहे. प्रॉटेस्टंट बांधवांना हे दृश्य धावा करण्याची परवानगी देण्याइतके स्पष्ट वाटत नाही, आपल्याला व आपल्या पूर्वजांना ते तसे वाटत आले आहे. इथे आपल्यात खरा मतभेद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पण शब्द तपासून पाहा. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला भाग बायबलमधूनच आलेला आहे, दूताच्या आणि एलिझाबेथच्या मुखातून. तिच्या मध्यभागी येशूचे नाव आहे. दुसऱ्या भागात आपण मरियेकडे काय मागतो? 'आमचे तारण कर' असे आपण म्हणत नाही. तिने आपल्यासाठी देवाकडे विनंती करावी, एवढेच मागतो.

आपल्या ख्रिस्तसभेने यासाठी पूर्वीपासून वेगळे शब्द ठेवले आहेत. देवाला दिली जाते ती आराधना, तिला ग्रीक भाषेत 'लात्रिया' म्हणतात. संतांना दिला जातो तो सन्मान, त्याला 'दुलिया' म्हणतात. मरियेला संतांहून अधिक सन्मान दिला जातो, पण तोही सन्मानच, आराधना नव्हे. मरिया कितीही थोर असली तरी ती देवाने निर्माण केलेली आहे. निर्माता आणि निर्मिती यांच्यामधील अंतर कोणत्याही भक्तीने पुसले जात नाही.

बावखलाच्या काठावरची दोन मुले

निष्कलंक गर्भसंभवाचा प्रश्न राहिला. मरियेला जन्मापासून पाप शिवले नाही, तर तिला तारणाऱ्याची गरज काय होती? ही शंका केवळ प्रॉटेस्टंटांची नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस या आपल्याच थोर पंडितालाही ती पडली होती. तिचे उत्तर पुढे डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने दिले. त्याच्या उत्तराचा आशय आपण आपल्या ओळखीच्या उदाहरणाने पाहू या.

पावसाळ्यात गावातले बावखल तुडुंब भरले आहे. एक मूल पाय घसरून पाण्यात पडले आणि बापाने उडी मारून त्याला बाहेर काढले. दुसरे मूल काठावरून घसरणार एवढ्यात बापाने त्याचा हात धरून त्याला मागे ओढले. वाचवले कोणाला? दोघांनाही. उलट दुसऱ्यावर बापाचे उपकार अधिकच म्हणावे लागतील. मरियेचे तसे झाले. आपण पापात पडलो आणि ख्रिस्ताने आपल्याला वर काढले. त्याच ख्रिस्ताच्या पुण्याईने तिला पडण्याआधीच सावरले. १८५४ सालच्या घोषणेतही पोप नववे पायस यांनी हेच म्हटले आहे की मरियेला ही कृपा येशू ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे मिळाली.

या सिद्धांताला बायबलचा पुरेसा आधार आहे काय, यावर प्रॉटेस्टंट बांधवांचे समाधान झालेले नाही. पण त्यात मरियेला तारणाऱ्याच्या बरोबरीला बसवलेले नाही, एवढे तरी त्यांना सांगता येईल.

चाळीस मतांचा निर्णय

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत एक मोठा प्रश्न उभा राहिला. मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढावा, की ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर एक प्रकरण लिहावे? वरवर पाहता प्रश्न कागदाचा होता, पण खरा मुद्दा खोल होता. मरिया ख्रिस्तसभेच्या वर आहे की ख्रिस्तसभेच्या आत? २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. १,११४ मते एकत्र दस्तऐवजाच्या बाजूने पडली, १,०७४ मते विरुद्ध. केवळ ४० मतांच्या फरकाने ठरले की मरियेविषयी बोलायचे ते ख्रिस्तसभेच्या कुटुंबात तिला बसवूनच.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी तो दस्तऐवज जाहीर झाला. त्याच्या आठव्या प्रकरणात म्हटले आहे की मरियेला 'मध्यस्थ' वगैरे नावांनी हाक मारली जाते, पण त्यामुळे एकमेव मध्यस्थ ख्रिस्ताच्या थोरवीत काही कमी होत नाही आणि तिच्यात काही भरही पडत नाही. त्याच दिवशी पोप सहावे पॉल यांनी मरियेला 'ख्रिस्तसभेची माता' म्हणून घोषित केले. म्हणजे तिला कुटुंबाबाहेर काढले नाही, कुटुंबातच तिला आईचा मान दिला.

या विषयावरील अगदी अलीकडचा शब्द ४ नोव्हेंबर २०२५ रोजी आला. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने, पोप चौदावे लिओ यांच्या संमतीने, मरियेच्या काही पदव्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. गेली अनेक वर्षे काही भाविकांची मागणी होती की मरियेला 'सहतारिका' ही पदवी अधिकृतपणे द्यावी. पूर्वी काही पोपांनीही हा शब्द क्वचित वापरला होता. या टिपणाने स्पष्ट केले की मरियेचे सहकार्य सांगण्यासाठी हा शब्द उचित नाही, कारण त्यामुळे ख्रिस्ताचे एकमेव तारकपण झाकोळले जाण्याचा धोका आहे. जो शब्द वापरताना दर वेळी लांबलचक खुलासा करावा लागतो तो लोकांच्या श्रद्धेला उपयोगाचा नाही, असेही त्यात म्हटले आहे. 'सर्व कृपांची मध्यस्थ' या पदवीविषयीही सावध राहण्यास सांगितले आहे. त्याच वेळी मरियेचे आईपण आणि लोकांची तिच्यावरील माया यांचा त्यात मनापासून गौरव आहे. त्या टिपणाचे नावच मुळी 'विश्वासू प्रजेची माता' असे आहे.

ही बातमी आली तेव्हा काही जण म्हणाले, "रोमने मरियेचा मान कमी केला." तसे झालेले नाही. मरियेच्या होकारापासून आजवर ख्रिस्तसभेने जे मानले तेच पुन्हा सांगितले गेले.

दोन्ही बाजूंमधील अंतरही पूर्वीइतके राहिलेले नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन विश्वसंघ यांनी एक संयुक्त घोषणापत्र केले. आपल्या पुण्याईने नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून कबूल केले. २००५ साली कॅथलिक आणि अँग्लिकन यांच्या संयुक्त आयोगाने मरियेवर एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याने सारे प्रश्न सुटले नाहीत, पण मरियेला कृपेचा नमुना म्हणून दोघांनी एकत्र पाहिले.

आपले घर आपण झाडू या

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे वळू. आपल्याकडून काय चुकते?

आपण नवस बोलतो तेव्हा कधी कधी देवघेवीचा बाजार मांडतो. "तू माझे हे काम कर, मी तुझी इतक्या मेणबत्त्यांची फेड करीन." आठ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला आपण जातो. मेणाचे हात, पाय, घरे वाहतो. त्यात वाईट काही नाही, दुःखी माणसाची ती प्रार्थनाच आहे. पण डोंगरावर जाऊन मेणबत्ती लावली आणि मिस्सा मात्र चुकवली, तर आईला भेटून मुलाकडे पाठ फिरवल्यासारखे झाले. मोबाइलवर "ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल" असे निरोप फिरतात आणि आपण घाबरून ते पुढे पाठवतो. ही भक्ती नव्हे, ही अंधश्रद्धा आहे. आणि "येशू रागावला तरी माऊली सांभाळून घेईल" असे आपण मुलांना सांगतो तेव्हा ज्याने क्रूसावरून शत्रूंना क्षमा केली त्याचे चुकीचे चित्र आपण मुलांच्या मनात रंगवतो. २०२५ सालच्या त्या टिपणानेही याच कल्पनेविरुद्ध इशारा दिला आहे. देवाच्या दयेत काही उणे आहे आणि ते मरिया भरून काढते, असे कोणी समजू नये. मरियेच्या काळजात जी दया आहे ती देवाकडूनच तिला मिळालेली आहे.

आपल्या पूर्वजांना हे भान होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत जे मोठे काव्य छापले त्याचे नाव 'ख्रिस्तपुराण'. त्यात मरियेची गोष्ट भक्तिभावाने येते, पण ग्रंथ ख्रिस्ताचा आहे आणि तिची गोष्ट त्याच्या गोष्टीत आहे. आपल्या घरातील भक्तीही तशीच असावी.

त्या घरात पुढे काय झाले?

सासूबाईंना आम्ही यातले बरेचसे समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकले आणि घरी जाऊन आपल्या मनाने एक तोड काढली. त्या सुनेला म्हणाल्या, "तू 'नमो मरिया' म्हणू नकोस, मी तुला भाग पाडणार नाही. पण तुला बायबल चांगले वाचता येते. प्रत्येक दशकाआधी त्या प्रसंगाचा उतारा तू वाच."

सून वाचू लागली. रोझरीत वीस प्रसंग आहेत. मरियेचे स्वर्गोन्नयन आणि तिचा राज्याभिषेक हे दोन सोडले तर बाकीचे अठरा थेट शुभवर्तमानात आणि प्रेषितांच्या कृत्यांत सापडतात. आणि ते बहुतेक सारे येशूचेच प्रसंग आहेत. काही दिवसांनी सून म्हणाली, "आई, मला वाटायचे ही मरियेची प्रार्थना आहे. ही तर येशूची गोष्ट आहे, मरियेच्या शेजारी बसून ऐकलेली." सासूबाई म्हणाल्या, "आणि मला साठ वर्षांत पहिल्यांदा कळले की मी काय म्हणत होते."

सून अजूनही 'नमो मरिया' म्हणत नाही. सासूबाई अजूनही तिच्यासाठी ती म्हणतात. पण रोझरीच्या वेळी आता त्या घरात कोणी कोणावर रुसत नाही. मतभेद आहे, दुरावा नाही. काना गावी मरियेने नोकरांना जे सांगितले ते दोघीही आपापल्या परीने पाळत आहेत, येशू सांगेल ते करत आहेत.

तेव्हा कोणी तुम्हांला विचारले, "येशू पुरेसा नाही का?" तर रागावू नका आणि गडबडूनही जाऊ नका. शांतपणे सांगा : "पुरेसा आहे. आणि हे आम्हांला सर्वांत आधी मरियेनेच शिकवले."

घरी चर्चा करण्यासाठी

१. लूक १ : २६ ते ५५ हा उतारा सर्वांनी मिळून वाचावा. मरिया स्वतःविषयी काय म्हणते आणि देवाविषयी काय म्हणते, ते शोधावे.

२. आपल्या घरातील मरियाभक्ती आपल्याला येशूकडे, मिस्सेकडे आणि शेजाऱ्याच्या गरजेकडे नेते काय? नेत नसेल तर कुठे अडते?

३. आपल्या नात्यात किंवा ओळखीत प्रॉटेस्टंट कुटुंब आहे काय? या आठवड्यात त्यांच्याशी वाद न घालता एखादा शुभवर्तमानातील उतारा एकत्र वाचता येईल काय?

४. या आठवड्याच्या रोझरीत प्रत्येक दशकाआधी त्या प्रसंगाचा बायबलमधील उतारा वाचावा. वाचनाचे काम घरातील मुलांकडे द्यावे.